शांत पंख्याच्या शोधात : संगणकाच्या उष्णतेचा आणि आवाजाचा इतिहास

आई २००५ साली गेली. त्याआधी दोन वर्षे, २००३ च्या दिवाळीच्या सुटीत, मी तिच्या ओव्या ध्वनिमुद्रित करून ठेवल्या होत्या. जाते केव्हाच माळ्यावर गेले होते. पण डोळे मिटून, हात गोल फिरवत ती गाऊ लागली की एकीतून दुसरी ओवी निघत असे. तापकीर गल्लीतून एकेक भाग आणून जोडलेला माझा संगणक टेबलाखाली होता. मायक्रोफोन स्वस्तातला होता. गाणे चालू असताना छताचा पंखा बंद ठेवायचा, एवढीच खबरदारी मला सुचली होती.

त्या फायली मी नीट ऐकल्या त्या जवळजवळ वीस वर्षांनी. प्रत्येक ओवीखाली एक सलग घूंऽऽ असा आवाज होता. मी त्याचा आलेख पडद्यावर काढला. अशा आलेखात काळ आडवा धावतो आणि वारंवारता उभी चढते. आईचा आवाज त्यात नागमोडी रेषांनी वर-खाली जात होता आणि त्या रेषांना छेदत ३०३ हर्ट्झवर एक सरळ रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली होती. तिच्यावर ६०६ ला एक फिकट रेघ, ९०९ ला आणखी फिकट. पंख्याचे एकेक पाते चौकटीच्या आधारकाडीजवळून जाताना हवेला टोला देते. पात्यांची संख्या गुणिले मिनिटाच्या फेऱ्या, भागिले साठ, ही त्या टोल्यांची वारंवारता. माझ्या जुन्या पंख्याला सात पाती होती, म्हणजे त्या दिवाळीत तो मिनिटाला सुमारे २६०० फेऱ्या मारत होता. आईचा सूर नेमका त्याच पट्ट्यात होता.

रेघ पुसता येते, पण तिच्याबरोबर त्या उंचीवरचा आईचा सूरही पुसट होतो. रेघेखेरीज हवेची जी पसरट सळसळ असते, ती काढायला गेले की दोन चरणांमधला आईचा श्वास जातो. त्या ओव्या जशा आहेत तशाच राहणार, हे मी मान्य केले.

मान्य करता येत नव्हती ती पुढची गोष्ट. आईची धाकटी बहीण, माझी मावशी, ८१ वर्षांची आहे आणि आता आमच्याकडेच राहते. तिला नुसते 'गा' म्हटले तर काही आठवत नाही. पण कानाला हेडफोन लावून आईची ओवी ऐकवली की ती थांबते आणि पुढची म्हणते. हातातला छोटा रेकॉर्डर इथे पुरत नाही. जुने ध्वनिमुद्रण शोधायचे, शक्य तेवढे साफ करून तिला ऐकवायचे आणि त्याच वेळी तिचा आवाज टिपायचा, म्हणजे दोन खोल्यांच्या घरात, तिच्यापासून चार फुटांवर संगणक चालू हवा. लॅपटॉपचे पातळ पंखे तर भार आला की शिट्टीच घालतात. तेव्हा मी फळीवर मावेल असा लहान, द्रवाने थंड होणारा संगणक जोडायचे ठरवले आणि त्यासाठी शांत पंखे शोधू लागलो. शोधता शोधता लक्षात आले की संगणकाच्या उष्णतेचे काय करायचे, हा प्रश्न संगणकाइतकाच जुना आहे. त्याचा आवाज कोणी सोसायचा, हा प्रश्न मात्र बराच नंतरचा.

यंत्राची खोली

फिलाडेल्फियात १९४६ साली जगापुढे आलेल्या एनिअॅक या संगणकात सुमारे १८,००० निर्वात नळ्या होत्या आणि तो सुमारे १५० किलोवॅट वीज खात असे. संगणकात गेलेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णताच होते. दीडशे किलोवॅट म्हणजे एका खोलीत एक किलोवॅटच्या दीडशे शेगड्या. ती उष्णता बाहेर काढायला मोठे विद्युत पंखे बसवलेले होते. ते कर्कश होते, पण त्यावर कोणी संशोधन केले नाही, कारण यंत्राला स्वतःची खोली होती आणि त्या खोलीत कोणी गात नव्हते.

आपल्याकडेही सुरुवात अशीच झाली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये कार्यान्वित झालेल्या आणि पुढे टिफ्रॅक हे नाव मिळालेल्या संगणकात सुमारे २,७०० निर्वात नळ्या होत्या. १९८० च्या दशकात माझ्या पिढीने प्रथम संगणक पाहिला तोही वातानुकूलित खोलीतच. चपला बाहेर काढून, देवघरात शिरावे तसे आत जायचे. आतली ती एकसुरी घरघर आम्हाला शास्त्राचा आवाज वाटे. प्रत्यक्षात ती फक्त हवेची घरघर होती.

पाणी संगणकात आले तेही याच काळात, आणि शांततेसाठी नव्हे. चिपा इतक्या दाटीने बसू लागल्या की हवा पुरेना. ठराविक आकारमानाचे पाणी तेवढ्याच हवेपेक्षा साधारण साडेतीन हजार पट उष्णता वाहून नेते. आयबीएमने १९८० साली जाहीर केलेल्या ३०८१ या संगणकात शंभराहून अधिक चिपा एका डब्यात बसवल्या होत्या. प्रत्येक चिपेवर स्प्रिंगने दाबलेला एक धातूचा दट्ट्या टेकलेला, भोवती हेलियम वायू आणि वरून थंड पाण्याची थाळी. सेमूर क्रे यांचा १९७६ चा क्रे-१ फ्रिऑनने थंड होई. १९८५ च्या क्रे-२ मध्ये तर सगळी मंडले विजेचे वहन न करणाऱ्या फ्लुओरिनर्ट या द्रवात बुडवलेली होती. या प्रत्येक यंत्रातून उष्णता नळीने दुसरीकडे नेली जाई आणि तिथे दुसरे एखादे यंत्र ती हवेत सोडत असे. उष्णता नाहीशी कुठेच होत नव्हती, फक्त तिचा पत्ता बदलत होता.

टेबलावरचा संगणक

संगणक घरातल्या टेबलावर आला तेव्हा हा पत्ता बदलायला जागाच उरली नाही. १९७७ च्या अॅपल-२ मध्ये पंखा नको, असा स्टीव्ह जॉब्ज यांचा आग्रह होता. तो पाळता आला रॉड हॉल्ट या अभियंत्यामुळे. त्याने जुन्या पद्धतीच्या जड आणि तापणाऱ्या वीजपुरवठ्याऐवजी कमी उष्णता निर्माण करणारा स्विचिंग वीजपुरवठा बनवला. शांततेच्या इतिहासातला हा पहिला धडा मला फार मोलाचा वाटतो. तिथे पंखा शांत केलेला नव्हता, त्याची गरजच कमी केलेली होती.

१९८० च्या अॅपल-३ मध्येही पंखा नव्हता, पण तिथे हिशेब जमला नाही. यंत्र तापून आतल्या चिपा खोबणीतून सैल होत. १९८४ चा पहिला मॅकिन्टॉश पंख्याविना, वरच्या फटींतून गरम हवा जाऊ देऊन चालला. १९८७ च्या मॅकिन्टॉश एसईमध्ये पंखा बसलाच. आयबीएमने १९८१ च्या पीसीत हा वाद घातला नव्हता. त्याच्या साडेत्रेसष्ट वॉटच्या वीजपुरवठ्यात पहिल्यापासून पंखा होता, आणि जग त्या वाटेने गेले.

पुढची वीस वर्षे उष्णता वाढत गेली. १९९३ चे पहिले पेन्टियम साधारण १५ वॉटचे होते. २००४ च्या पेन्टियम-४ ने १०० वॉट ओलांडले. आयबीएमचे रॉबर्ट डेनार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ साली दाखवून दिले होते की ट्रान्झिस्टर लहान करताना त्याचे व्होल्टेजही त्या प्रमाणात उतरवले तर चौरस मिलिमीटरमागची उष्णता वाढत नाही. २००० नंतर व्होल्टेज तसे उतरेना आणि तो हिशेब मोडला. त्या वर्षांत प्रोसेसरवर ६० मिलिमीटरचे, मिनिटाला सात हजार फेऱ्या मारणारे पंखे बसवले जात. माझा २००३ चा संगणक या काळातला. त्या मानाने माझा पंखा सौम्यच म्हणायचा.

मोठा आणि सावकाश

पंख्यांचे काही नियम अभियंत्यांना फार पूर्वीपासून ठाऊक आहेत. वेग निम्मा केला की हवा निम्मी होते, दाब चौथा हिस्सा होतो आणि लागणारी वीज आठवा हिस्सा. आवाज मात्र सुमारे १५ डेसिबलने उतरतो. दहा डेसिबल उतरले की कानाला आवाज निम्मा वाटतो, हे लक्षात घेतले तर हा फायदा केवढा आहे ते कळेल. उलट, एकाशेजारी दुसरा तसाच पंखा लावला तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. म्हणजे एका पंख्याचे काम निम्म्या वेगाच्या दोन पंख्यांना वाटून दिले, तर हवा तेवढीच आणि आवाज १२ डेसिबलने कमी. शांततेचे रहस्य एवढेच: पंखा मोठा हवा, सावकाश हवा, आणि जमल्यास एकाऐवजी दोन हवेत.

अशा पंख्याची वंशावळ शोधताना मी जर्मनीतल्या काळ्या जंगलात, सेंट गेऑर्गन या गावी पोचलो. घड्याळे आणि ग्रामोफोन यांसाठी प्रसिद्ध असलेला हा प्रदेश. तिथे हेर्मान पाप्स्ट यांनी १९४२ साली कंपनी काढली. त्यांच्या मोटरीत फिरणारा भाग आत नसून बाहेर असे, स्थिर गुंडाळीच्या भोवती टोपीसारखा. जड टोपी एकसारखी फिरते, म्हणून या मोटरी टेपरेकॉर्डर आणि ग्रामोफोनमध्ये वापरल्या गेल्या. त्याच टोपीला बाहेरून पाती जोडली की मोटर पंख्याच्या पोटातच सामावते आणि पंखा चपटा होतो. आज संगणकात फिरणारा जवळजवळ प्रत्येक पंखा याच घडणीचा आहे. आईचा आवाज बिघडवणाऱ्या यंत्राचे घराणे आवाज जपणाऱ्या यंत्रांशी जोडलेले निघावे, याची मला गंमत वाटली.

त्यानंतरच्या सुधारणा बारीक आहेत. बेअरिंगमध्ये गोळ्यांऐवजी तेलाचा पातळ थर आला, त्याने खरखर गेली. २००४ च्या सुमारास इन्टेलने चार तारांच्या पंख्याचे मानक ठरवले. त्यात वेग कमी-जास्त करणारे विजेचे ठोके सेकंदाला २५,००० असतात. माणसाच्या कानाची मर्यादा वीस हजारांची, म्हणून ते ठोके ऐकू येत नाहीत. २००५ साली ऑस्ट्रियात सुरू झालेल्या नॉक्टुआ या कंपनीने २०१८ मध्ये १२० मिलिमीटरचा एक पंखा आणला. त्यात पात्याचे टोक आणि चौकट यांच्यात फक्त अर्धा मिलिमीटर फट आहे. साधे प्लॅस्टिक उष्णतेने आणि फिरण्याच्या ताणाने हळूहळू वाढते आणि चौकटीला घासू लागते, म्हणून त्यांना वेगळे, ताठ राहणारे बहुवारिक शोधावे लागले. फट कमी झाली की हवा मागे परतत नाही आणि तेवढाच दाब कमी वेगात मिळतो.

पाणी घरात येते

घरच्या संगणकात पाणी आणले ते हौशी लोकांनी. १९९० च्या दशकाच्या अखेरीस काही जण मोटारीच्या हीटरची जाळी आणि मत्स्यालयाचा पंप जोडून प्रोसेसर थंड करू लागले. २००० साली स्थापन झालेल्या असेटेक या डॅनिश कंपनीने पुढे पंप आणि थंड थाळी एकाच डबीत बसवून कारखान्यातच भरून बंद केलेली नळी बनवली. २००९ मध्ये कोर्सेअरने तिची निर्मिती एच-५० या नावाने बाजारात आणली आणि पाणी भरण्याची कटकट संपली. दुसरीकडे संगणक आक्रसत होता. तैवानच्या व्हिआ कंपनीने २००१ साली १७० मिलिमीटर लांबी-रुंदीच्या मिनी-आयटीएक्स मदरबोर्डाचा आकार ठरवला. २०१३ च्या सुमारास आलेल्या एनकेस एम-१ या साडेबारा लिटरच्या पेटीत तर दोन पंख्यांचा, २४० मिलिमीटरचा रेडिएटर मावू लागला.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. 'पाण्याने थंड होणारा संगणक' म्हटले की लोकांना वाटते, पंखा गेला. पाणी उष्णता घालवत नाही, ते तिची हमाली करते. चिपेजवळ मोठा पंखा आणि उंच हीटसिंक बसायला जागा नसते, म्हणून पाणी ती उष्णता पेटीच्या भिंतीपर्यंत नेते. तिथे जागा असते, आणि म्हणून मोठा, सावकाश पंखा लावता येतो. पाण्याचा खरा उपयोग हा. तिथेच चुकीचा पंखा बसवला तर पाण्याचा सगळा खटाटोप वाया जातो.

माझ्याकडून आधी नेमके तेच झाले. जागा वाचावी म्हणून मी २५ ऐवजी १५ मिलिमीटर जाडीचे पंखे घेतले. खोक्यावरचा डेसिबलचा आकडा छान होता, पण तो मोकळ्या हवेतला. रेडिएटरच्या दाट पत्र्यांतून हवा ढकलायला दाब लागतो. पातळ पात्यांना तो वेगाशिवाय जमेना. मावशी म्हणाली, "डास आहे का रे खोलीत?" ते पंखे परत गेले.

दुसऱ्या वेळी मी विरळ पत्र्यांचा रेडिएटर घेतला आणि पूर्ण जाडीचे, नऊ पात्यांचे, १२० मिलिमीटरचे दोन पंखे. नऊ पाती आणि चार आधारकाड्या असल्या की दोन पाती एकाच क्षणी दोन काड्यांसमोर येत नाहीत. टोले एकत्र पडत नाहीत. फेऱ्या मी ७०० वर ठेवल्या. नऊ गुणिले सातशे, भागिले साठ, म्हणजे १०५ हर्ट्झ. मावशीच्या सुराच्या बरेच खाली. याच पंख्याला १५०० वर नेले तर रेघ २२५ हर्ट्झवर, म्हणजे थेट तिच्या गळ्यात येते. खोक्यावरचा डेसिबलचा आकडा हे कधीच सांगत नाही.

उरलेला आवाज पंख्याचा नव्हताच. पंखा जिथून हवा ओढतो तिथे पत्र्यात कोरलेली जाळी अगदी चिकटून होती, ती फाडफाड करत होती. जाळी काढून तारेची साधी कडी लावली, काही मिलिमीटर अंतर ठेवले, आणि ती फाडफाड गेली. रेडिएटर खाली आणि पंप वर असा बसवल्यामुळे हवेचे बुडबुडे पंपात जमून गुळगुळ करत होते. रेडिएटर वर नेल्यावर बुडबुडे त्याच्या माथ्याशी जाऊन बसले. पंख्याचा वेग मी प्रोसेसरच्या तापमानाशी न जोडता द्रवाच्या तापमानाशी जोडला. प्रोसेसर क्षणात तापतो आणि क्षणात निवतो. त्याच्यामागे धावणारा पंखा सारखा सूर बदलतो आणि कान तेवढाच टिपतो. द्रव मात्र सावकाश तापतो. माझ्या नळ्यांत पाव लिटर द्रव धरला तर १०० वॉट जास्तीची उष्णताही मिनिटाला पाच-सहा अंशच चढवते. आणि रॉड हॉल्टचा धडा आठवून प्रोसेसरला ६५ वॉटची मर्यादा घातली. जी उष्णता निर्माणच झाली नाही, तिला पंखा लागत नाही.

पुण्याचा उन्हाळा

एक गोष्ट परदेशी आकड्यांत सापडत नाही. द्रव खोलीपेक्षा थंड कधीच होऊ शकत नाही. द्रव ४५ अंशांवर रोखायचा आणि खोली २२ अंशांची, तर मधले अंतर २३ अंशांचे. ध्वनिमुद्रणासाठी छताचा पंखा आणि खिडक्या बंद केलेली पुण्यातली खोली मे महिन्यात सहज ३४ अंशांवर जाते. अंतर उरते ११. तेवढीच उष्णता काढायला पंख्यांना दुपटीहून जास्त राबावे लागते. जो पंखा व्हिएन्नात निःशब्द, तोच आमच्याकडे दुपारी बोलू लागतो.

पुण्यातच पाषाणला, भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेत, २०१८ साली 'प्रत्यूष' हा महासंगणक सुरू झाला. तो क्रे एक्ससी-४० जातीचा, चार पेटाफ्लॉप क्षमतेचा. त्याच्या कपाटांमधून मोठे पंखे हवा आडवी वाहवत आणि वाटेत पाण्याच्या नळ्या ती पुन्हा पुन्हा थंड करत. माझ्या फळीवरच्या पेटीत आणि त्याच्यात हीच दोन माणसे कामाला: पाणी आणि वारा. फरक एवढाच, की तिथे यंत्राला अजूनही स्वतःची खोली आहे.

आम्हाला खोली देता येत नाही, म्हणून आम्ही वेळ दिली. पहाटे साडेचारला खोली सर्वांत थंड असते, रस्ता झोपलेला असतो आणि पंखे ७०० च्या वर जात नाहीत. मावशीला सांगितले तेव्हा तिला त्यात काही नवल वाटले नाही. जात्यावर बसायची वेळ तीच होती.

पहिल्या पहाटे तिने हेडफोन लावला, आईची एक ओवी ऐकली, हेडफोन काढला आणि गप्प बसून राहिली. मी वाट पाहत होतो. शेवटी ती म्हणाली, "अरे, तुझं यंत्र सुरू कर की."

"सुरूच आहे, मावशी," मी म्हटले, "तू म्हण."